वाचकांचे प्रश्न : जुन्या स्कॉटिश दस्तऐवजांतील कायद्याची भाषा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे स्कॉटलंडमधल्या जुन्या कागदपत्रांविषयी सहा पत्रे आली. पाच पत्रे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची आहेत आणि एक साताऱ्याहून आले आहे. सगळ्यांची अडचण एकाच जातीची असल्याने उत्तरे एकत्र देत आहे. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद एक झाली, तरी त्या करारातच स्कॉटलंडचा दिवाणी कायदा आणि तिथली न्यायालये राखून ठेवली गेली. त्यामुळे इंग्लंडच्या कायद्याचा शब्दकोश उशाशी घेऊन हे कागद वाचायला बसलेला माणूस एक तर पहिल्याच पानावर अडतो, किंवा न अडता चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो, आणि हे दुसरे अधिक वाईट. अनोळखी शब्दासाठी आपण निदान कोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र कोणी कोशात पाहत नाही.

प्रश्न : माझ्या सासरच्या घरी, एडिनबरा येथे, एका पेटीत १६८४ सालचा एक कागद सापडला. घरचे त्याला शेताचे खरेदीखत म्हणतात. पण त्यात किंमत कुठेच नाही. उलट, एका ‘बेली’ने एका ‘अटर्नी’च्या हातात माती आणि दगड दिला, असे लिहिले आहे. हे काय आहे?

तुमच्या हाती आलेला कागद खरेदीखत नसून ताब्याचा दाखला आहे. त्याला तिकडे ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ सेझिन’ म्हणतात, आणि आपल्याकडची कब्जेपावती त्याच्या सर्वांत जवळची. जमीन देणाऱ्याने सनद किंवा विक्रीचा लेख लिहून दिला, पैसेही चुकते झाले, तरी जुन्या स्कॉटिश कायद्याने जमीन घेणाऱ्याची होत नसे. त्यासाठी प्रत्यक्ष त्या जमिनीवर जाऊन ताबा द्यावा लागे आणि तो दिल्याचे नोटरीने लिहून ठेवावे लागे. किंमत पहिल्या लेखात असते, म्हणून ती तुम्हाला या कागदात सापडली नाही.

विधी असा होत असे. देणाऱ्याचा प्रतिनिधी, म्हणजे बेली, घेणाऱ्याचा मुखत्यार, म्हणजे अटर्नी, नोटरी आणि दोन साक्षीदार शेतात जमत. (बेली हा शब्द शहराच्या दंडाधिकाऱ्यासाठीही वापरला जाई, इथे त्याचा तो अर्थ नाही.) मुखत्यार ताबा देण्याचा हुकूम बेलीच्या हाती देई, बेली तो नोटरीकडे देई, आणि नोटरी तो मोठ्याने वाचून जमलेल्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगे. मग बेली वाकून त्याच जमिनीतली माती आणि एक दगड उचले व मुखत्याराच्या हातावर ठेवी. त्या क्षणी जमीन बदलली. मुखत्यार लगेच नोटरीकडे ‘याचा लेख करून द्या’ अशी मागणी करी, आणि नोटरी दिवस, दुपारची वेळ, साक्षीदार हे सारे नोंदवून शेवटी आपली लॅटिन पुष्टी आणि सही घाली. तुमच्या कागदाच्या तळाशी असलेल्या ज्या ओळी ‘अजिबात लागत नाहीत’ असे तुम्ही लिहिले आहे, त्या बहुधा हीच पुष्टी असावी.

सगळीकडे माती-दगडच दिला जाई असे नाही. शहरातल्या घरासाठी दाराची कडी आणि कोयंडा, मासेमारीच्या हक्कासाठी जाळे आणि होडी, आणि पाणचक्कीसाठी धान्य ओतायचे खोके व त्याला हादरे देणारी लाकडी पट्टी अशी चिन्हे ठरलेली होती. ज्याचा उपभोग घ्यायचा त्याचाच एक तुकडा हातात द्यायचा, ही कल्पना मला फार सुरेख वाटते. आपल्या सनदांतली ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही मालिका ज्यांनी वाचली आहे, त्यांना या कागदातली ‘पार्ट्स, पेंडिकल्स अँड पर्टिनंट्स’ ही अक्षरे परकी वाटायला नकोत. जमिनीला जे जे चिकटून आहे ते सगळे दिले, एवढाच त्यांचा अर्थ.

१६१७ च्या कायद्याने अशा लेखांची साठ दिवसांच्या आत नोंदणी सक्तीची केली, आणि तेव्हा सुरू झालेल्या नोंदवह्या आजही एडिनबरामध्ये पाहता येतात. जमिनीवर जाण्याची अट १८४५ मध्ये सुटली, आणि १८५८ मध्ये हा स्वतंत्र लेखही अनावश्यक ठरला. म्हणून कृपया कागदाच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा. नोंदणीचा शेरा सहसा तिथे असतो, आणि त्यातल्या तारखेवरून व पृष्ठांकावरून मूळ नोंद शोधणे सोपे जाते.

प्रश्न : पतीच्या एका पूर्वजाच्या नावापुढे १६६० च्या दशकातल्या नोंदवहीत ‘रिबेल’ आणि ‘पुट टू द हॉर्न’ असे आहे. त्याने राजाविरुद्ध बंड केले होते का? कुटुंबाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, म्हणून खात्री करून घ्यायची आहे.

तुमच्या कुटुंबाची निराशा करताना मला वाईट वाटते. पण बहुतेक शक्यता अशी की त्याने कोणाचे तरी कर्ज फेडले नव्हते. धनकोला न्यायालयाचा निवाडा मिळाला की तो राजाच्या नावाने ‘लेटर्स ऑफ हॉर्निंग’ काढून घेई. त्यात ऋणकोला ठरावीक दिवसांत पैसे भरण्याचा हुकूम असे. मुदत टळली की राजाचा जासूद गावच्या बाजारातल्या दगडी खांबापाशी उभा राहून पुकारा करी, पत्र वाचे, शिंग तीन वेळा फुंके, आणि ऋणकोला बंडखोर जाहीर करी. कायद्याचा युक्तिवाद असा होता की हुकूम राजाचा आहे, तो मोडला, म्हणून हा माणूस राजाचा अपराधी. त्याला तुरुंगात टाकले तरी ते कर्जासाठी नसून आज्ञाभंगासाठी टाकले, असे मानले जाई. शिवाय त्याची जंगम मालमत्ता सरकारजमा होण्यास पात्र ठरे.

आपल्याकडच्या दवंडीपेक्षा याचे परिणाम कितीतरी कडक होते, पण म्हणून तो मनुष्य बंडखोर ठरत नाही. बऱ्यापैकी इभ्रतीचे जमीनदारही या वह्यांत वारंवार भेटतात, आणि पैसे भरल्यावर ‘रिलॅक्सेशन’ मिळवून, म्हणजे ती घोषणा मागे घेववून, मोकळे झालेले दिसतात. त्याच वहीत पुढे त्याचे नाव या शब्दासह आहे का, ते जरूर पाहा. खऱ्या राजद्रोहाचे खटले वेगळ्या न्यायालयात आणि वेगळ्या शब्दांत नोंदलेले असतात.

प्रश्न : आमच्या घराण्यातल्या एका शेतकऱ्याचे १७९० च्या सुमाराचे मृत्युपत्र मिळाले. त्यात गाई, ओट आणि भांडीकुंडी यांची यादी आहे, पण जमिनीचा उल्लेख नाही, जमीन तर त्याच्या मालकीची होती. तसेच यादीवर ‘टेस्टामेंट डेटिव्ह’ असे आहे आणि दुसऱ्या एका कागदात ‘कॉन्क्वेस्ट’चा वारस असा उल्लेख आहे. त्याने ती जमीन लढाईत जिंकली होती काय?

या एका पत्रात तीन गाठी आहेत.

पहिली गाठ स्थावर आणि जंगम यांची. हा भेद आपल्या कायद्याच्या भाषेत मुरलेला असल्याने मराठी वाचकाला तो पटकन कळतो. स्कॉटलंडमध्ये स्थावर, म्हणजे ‘हेरिटेबल’ मालमत्ता, १८६८ पर्यंत मृत्युपत्राने देताच येत नसे. ती थेट वारसाकडे, सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई, आणि ही पद्धत १९६४ च्या वारसा कायद्यापर्यंत टिकली. म्हणून मृत्युपत्रात जमीन नसणे हे ती विकली गेल्याचे लक्षण नव्हे. ती शोधायची तर ‘सर्व्हिस ऑफ एअर्स’ या नावाच्या नोंदी पाहाव्यात. तिथे पंच बसवून, साक्षी घेऊन, अमुक हा अमुकचा वारस आहे असे ठरवले जाई आणि त्याचा अहवाल राजाच्या दफ्तरखान्यात परत जाई. परत जाई म्हणून त्याचे नाव ‘रिटूर’. आपला वारस दाखला आणि फेरफार यांचे मिळून जे काम होते, ते साधारण या कागदाने होत असे.

दुसरी गाठ ‘डेटिव्ह’ची. या कागदाला ‘टेस्टामेंट’ म्हटले तरी त्यात मृताची इच्छा मुळीच नसते. मृत्युपत्र न करता मनुष्य वारला की न्यायालय व्यवस्थापक नेमून देई, आणि त्याने केलेल्या मालमत्तेच्या यादीला हे नाव मिळे. मृताने स्वतः इच्छा लिहून ठेवली असेल तर त्या कागदाला ‘टेस्टामेंट टेस्टामेंटर’ म्हणतात. यादीच्या शेवटी देणे वजा जाता राहिलेला ‘फ्री गिअर’ दिसेल. गिअर म्हणजे मालमत्ता, यंत्राचा भाग नव्हे. बायको आणि मुले दोन्ही हयात असतील तर त्याचे तीन भाग पडत: एक विधवेचा, एक मुलांचा आणि तिसरा मृताचा स्वतःचा. मृत्युपत्राने वाटेल त्याला देता येई तो हा तिसराच भाग. ‘बेर्न्स पार्ट’ म्हणजे मुलांचा हिस्सा आणि ‘डेड्स पार्ट’ म्हणजे मृताचा हिस्सा हे शब्द दिसले की ही वाटणी चालली आहे असे समजावे.

तिसरी गाठ ‘कॉन्क्वेस्ट’ची, आणि तिचे उत्तर मला सर्वांत आवडते, कारण ते मराठीत आधीच तयार आहे. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा जो भेद आपण रोज करतो, तोच ‘हेरिटेज’ आणि ‘कॉन्क्वेस्ट’ यांच्यात आहे. वारशाने न येता खरेदीने किंवा बक्षिसाने मिळालेली जमीन ती कॉन्क्वेस्ट. तुमच्या पूर्वजाने कोणतीही लढाई जिंकली नाही. त्याने पैसे साठवून शेत घेतले. या भेदाला तेव्हा मोठी किंमत होती. मधला भाऊ निपुत्रिक वारला, तर त्याची वारशाने आलेली जमीन लगतच्या धाकट्या भावाकडे आणि स्वतः घेतलेली जमीन लगतच्या थोरल्या भावाकडे जाई. १८७४ च्या कायद्याने हा भेद संपवला. तुमच्या कागदातला ‘कॉन्क्वेस्टचा वारस’ हा मृताचा थोरला भाऊ असण्याची शक्यता म्हणून मोठी आहे. वंशवृक्षात त्याला मुलगा दाखवला असेल तर ती जागा पुन्हा तपासा.

प्रश्न : एका दाव्याच्या कागदांत ‘ट्यूटर’, ‘प्युपिल’, ‘डाएट’, ‘इंटरलॉक्युटर’, ‘कॉशन’ असे शब्द आहेत. वाक्ये वाचता येतात, पण अर्थ लागत नाही.

हे सगळे शब्द शाळेत शिकलेले आहेत, म्हणूनच ते फसवतात. ट्यूटर हा शिकवणारा नव्हे आणि प्युपिल हा विद्यार्थी नव्हे. चौदा वर्षांखालचा मुलगा किंवा बारा वर्षांखालची मुलगी म्हणजे प्युपिल, आणि वडिलांच्या पश्चात त्याचे किंवा तिचे हित पाहणारा तो ट्यूटर. जुन्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता अशी जी नोंद दिसते, तोच हा माणूस. त्या वयापुढे एकविसाव्या वर्षापर्यंत मूल ‘मायनर’ असे आणि त्याच्या साहाय्याला ‘क्युरेटर’ असे. याचा संशोधकाला एक उपयोग आहे. कागदात ट्यूटर आहे की क्युरेटर, एवढ्यावरून मुलाचे वय साधारण किती होते ते कळते, आणि जन्मनोंदी हरवलेल्या गावांत हा मोठाच आधार ठरतो.

डाएट म्हणजे सुनावणीची तारीख. इंटरलॉक्युटर म्हणजे न्यायाधीशाने दिलेला हुकूम. तो मनुष्य नसतो. कॉशन म्हणजे जामीन, त्याचा तिकडचा उच्चार ‘केशन’ असा आहे, आणि जामीन राहणारा तो ‘केशनर’. वादी हा ‘पर्सुअर’, प्रतिवादी ‘डिफेंडर’, आणि फौजदारी खटल्यात ‘पॅनेल’ म्हणजे पंचांचे मंडळ नव्हे, तर पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी. हे लक्षात न घेता एखाद्या खटल्याचा वृत्तान्त वाचला, तर कोणाला शिक्षा झाली हेच उलटे समजते. ‘लॉबरोज’ म्हणजे अमुक मला इजा करील अशी भीती कोणी व्यक्त केल्यावर त्या अमुककडून घेतलेला मुचलका. आणि एखादा दावा वर्ष आणि एक दिवस तसाच पडून राहिला तर तो ‘झोपी गेला’ असे मानीत. पुढे चालवायचा तर ‘वेकनिंग’, म्हणजे जागे करण्याचा, स्वतंत्र समन्स काढावा लागे. तुमच्या कागदांत दोन वर्षांची जी पोकळी आहे, तिच्यापुढे हा शब्द आहे का ते पाहा.

प्रश्न : वंशवृक्ष करताना एक ‘ब्रदर जर्मन’ सापडला. आमच्या घराण्यात कोणी जर्मनीहून आले होते काय? शिवाय एकच मनुष्य एका कागदात नातू आणि दुसऱ्यात पुतण्या कसा?

‘जर्मन’ हा इथे लॅटिन ‘जर्मानस’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ सख्खा एवढाच आहे. आई एक आणि वडील वेगळे असले तर ‘युटेराइन’, वडील एक आणि आई वेगळी असली तर ‘कॉन्सँग्विनियन’. मराठीत दोघांनाही आपण सावत्र म्हणून मोकळे होतो. तिकडच्या वारसा कायद्यात मात्र या फरकावर जमीन अडत असे, म्हणून तो काटेकोर लिहिला जाई.

नातू की पुतण्या हा घोळ खरा आहे. ‘नेव्हॉय’ हा जुना स्कॉट्स शब्द दोन्हींसाठी वापरलेला आढळतो, आणि लॅटिन कागदांतल्या ‘नेपोस’चेही तसेच. हा नेपोस संस्कृतातल्या ‘नप्तृ’चा सख्खा आहे, आणि नप्तृवरूनच आपला ‘नातू’ आला. मराठीने एक अर्थ पक्का धरला. स्कॉटलंडच्या कारकुनांनी दोन्ही ठेवले. निर्णय संदर्भानेच करावा लागतो. ‘ओय’ हा शब्द आला तर मात्र तो नातवंडच.

नावांच्या आगेमागे येणाऱ्या बारीक शब्दांकडेही लक्ष ठेवा. ‘उमव्हाइल’ म्हणजे कैलासवासी, आणि ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. एखाद्या गावाच्या नावाआधी ‘ऑफ’ असेल तर तो मनुष्य तिथला मालक, आणि ‘इन’ असेल तर तिथे राहणारे कूळ. मिरासदार आणि उपरी यांच्यातले अंतर तिथे या दोन अक्षरी शब्दांत सामावलेले असते. ‘पोर्शनर’ म्हणजे तक्षीमदार, जमिनीतला हिस्सेदार. आणि विवाहित स्त्रिया या कागदांत माहेरच्या आडनावानेच नोंदलेल्या असतात. आपल्याकडचे अनेक वाचक सासरच्या आडनावाने शोध घेतात आणि नोंदच नाही असे समजून थांबतात, याचे मला वाईट वाटते, कारण नोंद बहुधा तिथेच असते.

प्रश्न : ‘टॉखर’ पाचशे मर्क, असे १६५० च्या लग्नाच्या करारात आहे. ही रक्कम किती? आणि ‘क्यू-यू-एच’ने सुरू होणारे शब्द कसे वाचायचे?

टॉखर म्हणजे हुंडा. एक मर्क म्हणजे तेरा शिलिंग चार पेन्स, पण स्कॉट्स चलनातले. १६०३ पासून स्कॉट्स पौंडाची किंमत इंग्लिश पौंडाच्या एक बारांश धरली जाई. तेव्हा पाचशे मर्क म्हणजे ३३३ स्कॉट्स पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजेच इंग्लिश चलनात सुमारे २७ पौंड १५ शिलिंग. पौंडाचे चिन्ह पाहून घराणे श्रीमंत ठरवण्याची घाई करू नये.

‘क्यू-यू-एच’ म्हणजे आजचा ‘डब्ल्यू-एच’. ‘व्हिल्क’ म्हणजे ‘जे’ किंवा ‘जो’. शब्दात मध्येच येणारा ‘झेड’ अनेकदा खरा झेड नसतो. ‘योख’ नावाचे एक जुने अक्षर छापखान्यात नसल्याने त्याच्या जागी झेड बसवला गेला, आणि तो साधारण ‘य’सारखा वाचायचा. तारखांचेही एक पथ्य आहे. स्कॉटलंडमध्ये १६०० पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले. त्याआधी ते २५ मार्चला बदले. म्हणून १० फेब्रुवारी १५९४ असे लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने १५९५ चा आहे. चैत्रात शक बदलणाऱ्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये.

स्पेलिंग एकाच कागदात चार तऱ्हांचे असते. मोडी वाचणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेल्या मजकुरातून शब्द मोठ्याने उच्चारून ओळखायची सवय असते. तीच इथे कामी येते. उच्चारून पाहिल्यावरही शब्द लागला नाही, तर ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा कोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि त्यात एकाच शब्दाची अनेक जुनी रूपे दिलेली आहेत. हे शब्द त्या काळच्या लोकांनाही सोपे नव्हते. जॉन स्कीन या कायदेपंडिताला १५९७ मध्येच त्यांच्या अर्थांचा कोश छापावा लागला होता.

प्रश्न : साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांचे नाव काही ठिकाणी नुसते ‘जेम्स ग्रँट’, तर काही ठिकाणी ‘कनिंगहॅम’ जोडून येते. ही एकच व्यक्ती का?

एकच. १७८९ मध्ये बॅन्फ येथे जन्मलेले हे गृहस्थ १८१८ पासून साताऱ्यास होते तेव्हा कॅप्टन जेम्स ग्रँट होते. मायदेशी परतल्यावर, १८२५ च्या सुमारास, त्यांच्याकडे ईडन ही इस्टेट वारशाने आली आणि त्यांनी ‘डफ’ हे आडनाव जोडले. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून आपल्याला ते ग्रँट डफ म्हणूनच माहीत. १८५० मध्ये पत्नीकडे तिच्या आईच्या घराण्याची फाइफमधली मालमत्ता आली, तेव्हा त्यांनी ‘कनिंगहॅम’ही जोडले.

स्त्रीच्या बाजूने इस्टेट आली की त्या घराण्याचे नाव घेणे ही तिकडची रूढ चाल होती. अनेक ठिकाणी तर ती ‘टेली’ या लेखातली अटच असे. (या शब्दाच्या स्पेलिंगमध्येही तो खोटा झेड आहे.) १६८५ च्या कायद्याने अशा लेखांना मान्यता दिली: जमीन ठरलेल्या क्रमानेच वारसांकडे जावी, कोणी ती विकू नये, तिच्यावर कर्ज काढू नये, आणि घेणाऱ्याने मूळ घराण्याचे आडनाव व चिन्ह धारण करावे. दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलते तसेच हे. फक्त इथे दत्तक जायची गरज नसे. तेव्हा साताऱ्याच्या काळातला त्यांचा पत्रव्यवहार ‘ग्रँट’ या नावाखाली शोधा, १८२५ नंतरचा ‘ग्रँट डफ’खाली, आणि १८५० नंतरच्या स्कॉटिश कागदांसाठी सूचीतले ‘क’चे पानही उघडून पाहा.